जुन्या नीलमाला नवं करू नका
प्रश्न तुमचे, भिंग माझं

गेल्या अंकात जुन्या दागिन्यांवर दोन ओळी काय लिहिल्या, या महिन्याची पत्रं जवळजवळ सगळी नीलमाचीच आली. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही. ज्या प्रश्नात आणखी चौघांचा प्रश्न दडलाय असं वाटलं, ते घेतलेत. ज्यांनी नुसता फोटो पाठवून "किंमत सांगा" असं लिहिलंय त्यांना एवढंच सांगते, की फोटोवरून किंमत सांगणाऱ्यापासून जपून राहा. ती मी असले तरी.

प्रश्न : ताई, आईच्या मावशीची अंगठी माझ्याकडे आली आहे. मधोमध चौकोनी पण कोपरे गोलसर असलेला निळा खडा आणि भोवती बारीक हिरे. आतल्या बाजूला "१५" आणि त्यापुढे ".६२५" असे आकडे, शेजारी काही पुसट खुणा. खडा वरून थोडा मंद दिसतो, पैलूंच्या कडा झिजल्यात. सोनार म्हणाले, "खडा काढून पुन्हा पैलू पाडून घेऊ, अंगठीला पॉलिश मारू, नवीकोरी होईल." करून घेऊ का?

उत्तर : नको. निदान हे उत्तर पूर्ण वाचेपर्यंत तरी अंगठी कोणाच्या हाती देऊ नका.

आधी ते आकडे. १५ म्हणजे १५ कॅरेट सोनं, आणि .६२५ ही तीच शुद्धता दशांश अपूर्णांकात. ब्रिटनमध्ये ९, १२ आणि १५ कॅरेटच्या सोन्याला १८५४ साली मान्यता मिळाली. १९३२ साली १२ आणि १५ दोन्ही बंद झाले आणि त्यांच्या जागी १४ आलं. म्हणजे शिक्का खरा असेल तर तुमची अंगठी या दोन सालांच्या मधली. आता शेजारच्या "पुसट खुणा" दहापट भिंगाखाली बघा. नांगर दिसला तर शिक्का बर्मिंगहॅमच्या सोनं तपासणाऱ्या कचेरीचा, बिबट्याचं तोंड दिसलं तर लंडनचा. एखादं सुटं अक्षर असेल तर ते सालाचं असतं. अक्षराचं वळण आणि भोवतीच्या चौकटीचा आकार तक्त्याशी जुळवला की नेमकं वर्ष सापडतं. अंगठीचा जन्मदाखला तिच्या पोटात कोरलेला आहे, आणि पॉलिशचं चाक सगळ्यात आधी तोच पुसून टाकतं. पुसट झालाय तो बहुधा याआधीच्या कोणाच्या तरी "नवीकोरी करून घेऊ"मुळे.

आता खडा. नीलम कठीणपणात ९, हिरा १०. धुळीतली वाळू ७च्या आसपास, त्यामुळे रोजच्या वापराने नीलम सहसा खरचटत नाही. त्याला खरचटतो तो हिरा. शेजारच्या बोटातल्या अंगठीचा किंवा एकाच डबीत कोंबलेल्या कुड्यांचा. पन्नाससाठ वर्षं असं चाललं की पैलूंच्या कडा बोथट होतात आणि वरचा सपाट भाग थोडा पुसट दिसू लागतो. ही झीज मला आवडते. शंभर वर्षांच्या म्हणवणाऱ्या अंगठीत पैलूंच्या कडा ब्लेडसारख्या धारदार दिसल्या तर मी आधी सावध होते, कौतुक नंतर.

पुन्हा पैलू पाडले तर काय होईल? पहिलं, वजन घटेल. दुसरं त्याहून वाईट. खडा बाजूने उजेडात धरून बघा. पांढरा कागद मागे धरलात तर उत्तम. बऱ्याच जुन्या खड्यांत, विशेषतः श्रीलंकेच्या, निळा रंग सगळीकडे सारखा नसतो. खालच्या टोकाशी एक निळा पट्टा असतो आणि बाकीचा खडा जवळजवळ पाण्यासारखा. तिथल्या कारागिरांनी मुद्दामच खडा खोल, थोडा वाकडा, पोट सुटल्यासारखा ठेवलेला असतो, कारण टोकाशी असलेला तेवढासा रंग वरून पाहताना सगळ्या खड्यात पसरून दिसतो. आजच्या मापाने तो "सुबक" करायला गेलात आणि पट्टा कापला गेला, की हातात उरतो फिकट निळसर खडा. कापून गेलेला रंग परत येत नाही.

आणि तिसरी गोष्ट, जी फार थोड्यांना ठाऊक असते. डाख देताना, म्हणजे आच देऊन धातू जोडताना, टाकणखार वापरतात. नीलम आत असतानाच टाकणखार लावून आच दिली तर खड्याचा पृष्ठभाग खाल्ला जातो, पैलूंवर खडबडीत डाग उठतात. नीलम एवढा चिवट, आगीला पुरून उरणारा, आणि टाकणखारासमोर हरतो. म्हणून दुरुस्तीला देताना स्पष्ट सांगा, "आच द्यायची असेल तर खडा आधी काढा." लेझरने काम करणारा कारागीर मिळाला तर आणखी चांगलं.

करून घ्यायचं ते एवढंच. खड्याला धरणाऱ्या नख्या झिजल्यात का, हे तपासून घ्या. त्या कागदाइतक्या पातळ झाल्या असतील तर त्यांना भर द्यायला हवी, नाहीतर खडा एक दिवस हरवेल. अंगठीचं कडं मागून तारेसारखं झालं असेल तर तेवढा भाग बदलता येतो, शिक्क्याचा भाग न कापता. तुमच्या सोनारांशी माझं काही भांडण नाही. नव्या दागिन्यासाठी त्यांचा सल्ला अगदी बरोबर आहे.

प्रश्न : अँटिक आणि व्हिंटेज यात फरक काय? दुकानदार दोन्ही शब्द एकाच दागिन्याला लावतात.

उत्तर : शंभर वर्षं उलटलेला तो अँटिक. व्हिंटेजला इतकी ठाम रेघ नाही, पण साधारण वीस-तीस वर्षांपासून शंभरच्या आतल्याला म्हणतात. विकणारा ज्याला दोन्ही म्हणतो, त्याचं साल विचारा. साल सांगता आलं नाही तर तो नुसता वापरलेला दागिना समजा.

प्रश्न : मुलीचं लग्न ठरलंय. तिला अंगठी हवी तर ती जुन्या नीलमाचीच. नवा, जास्त चमकदार, जास्त निळा खडा तेवढ्याच पैशात मिळतोय, तरी ऐकत नाही. हे जुन्याचं वेड नेमकं कशाचं? मला तर कुणाची तरी उतरलेली अंगठी घातल्यासारखं वाटतं.

उत्तर : मी मुलीच्या बाजूची आहे, हे आधीच सांगून टाकते.

"जास्त चमकदार, जास्त निळा" या दोन शब्दांतच सगळं आलं. श्रीलंकेत गेउडा नावाचे दुधी, फिकट खडे मिळतात, ज्यांना पूर्वी कोणी विचारत नसे. १९७०च्या दशकापासून हे खडे थायलंडमध्ये नेऊन दीड हजार अंशांच्याही वर भाजायला सुरुवात झाली आणि त्यातून लखलखीत निळे नीलम निघू लागले. आज बाजारातले बहुतेक नीलम असे भाजलेले असतात. त्यात फसवणूक नाही, सांगून विकलं तर. पण भाजताना आणखी एक गोष्ट होते. नैसर्गिक नीलमात रूटाइल या खनिजाच्या केसाहून बारीक सुया असतात, तीन दिशांना, एकमेकींशी साठ अंशांत. रत्नपारखी त्यांना रेशीम म्हणतात. हेच रेशीम दाट असलं आणि खडा घुमटासारखा घासला की सहा किरणांचा तारा दिसतो. विरळ असलं की तारा दिसत नाही, पण आत शिरलेला उजेड किंचित विखुरतो आणि निळा रंग मऊ होतो. कडक आच दिली की त्या सुया विरघळतात किंवा तुटून ठिपक्यांच्या ओळी उरतात. खडा स्वच्छ होतो, चमकतो, आणि मऊपणा जातो. तुमच्या लेकीला जे आवडलंय ते बहुधा हे आहे, तिला नाव ठाऊक असो वा नसो.

दुसरं कारण उजेडाचं. विजेचे दिवे घरोघरी येण्याआधीचे खडे मेणबत्तीच्या नाहीतर गॅसच्या उजेडात बघण्यासाठी घडवलेले. नीलमाभोवतीचे जुने हिरे भिंगातून बघा. वरचा सपाट भाग लहान, माथा उंच आणि तळाचं टोक कापून सपाट केलेलं, त्यामुळे मधोमध बारीक भोक असल्यासारखं दिसतं. दोन हिरे एकमेकांसारखे सापडणार नाहीत, कारण नजरेच्या अंदाजाने पाडलेत. हिऱ्याच्या पैलूंचे कोन गणिताने मांडून मार्सेल तोल्कोव्स्की यांनी ते प्रसिद्ध केले १९१९ साली, आणि त्यानंतर हिरे हळूहळू एकसारखे होत गेले. नवा हिरा सतत लुकलुकतो. जुना हात हलला की एकदाच मोठा उजेड टाकतो, आणि मग गप्प बसतो. निळ्या खड्याशेजारी मला हा दुसरा जास्त शोभतो. नवे हिरे शेजारी असले की नीलमाकडे कोणी बघतच नाही.

तिसरं म्हणजे धातूचं काम. १९व्या शतकात हिरे चांदीत बसवून मागे सोनं लावत, कारण पिवळ्या सोन्यात हिरा पिवळट दिसे. चांदी काळी पडते, म्हणून त्या दागिन्यांना ती सावळी झाक असते. प्लॅटिनम वितळायला १७६८ अंश लागतात. तेवढी आच देणाऱ्या ऑक्सिजनच्या ज्योती कारागिरांच्या हाती आल्या आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एकदम जाळीदार, लेससारखं काम दिसू लागलं. कडेला मोहरीहूनही बारीक मण्यांची किनार, एकेक मणी हत्याराने दाबून काढलेला. साच्यातून ओतलेल्या नकलेत हे मणी एकमेकांत मिसळून गोळा झालेले दिसतात. घ्यायच्या आधी भिंगाखाली फक्त ही किनार बघा. नकली जुनेपणा बहुतेक वेळा इथेच पकडला जातो.

राहिला "उतरलेल्या अंगठी"चा मुद्दा. राणी व्हिक्टोरियाला लग्नाच्या आदल्या दिवशी, ९ फेब्रुवारी १८४० रोजी, अल्बर्टने नीलमाचा ब्रोच दिला. मध्ये मोठा नीलम, भोवती हिऱ्यांचं कडं. दुसऱ्या दिवशी तिने तो लग्नाच्या पोशाखावर लावला. त्याच वर्षी त्याने तिच्यासाठी नीलम आणि हिऱ्यांचा छोटा मुकुटही स्वतः आखला. अल्बर्ट गेल्यानंतर ती पहिल्यांदा १८६६ साली संसदेच्या उद्घाटनाला आली, तेव्हा राजमुकुटाऐवजी हाच घालून. आता तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. डायनाची १२ कॅरेट वजनाच्या नीलमाची अंगठी १९८१ साली अगदी नवी होती, २०१० साली ती केट मिडलटनच्या बोटात आली. तिला उतरलेली म्हणायचं धाडस कोणी केलं नाही. तुम्हीही करू नका, निदान लेकीसमोर.

प्रश्न : सासऱ्यांच्या वडिलांनी १९२८ साली घेतलेलं प्लॅटिनमचं कंगण. हिरे आणि मध्ये चौकोनी निळ्या खड्यांच्या ओळी. पावतीही आहे. प्रयोगशाळेने कळवलं, हिरे खरे, निळे खडे कृत्रिम! त्या काळात कृत्रिम नीलम कुठून आला? मधल्या काळात कोणी बदलले का? घरात संशयाचं वातावरण आहे.

उत्तर : संशय मिटवा. कोणी काही बदललेलं नसण्याची शक्यता मोठी आहे.

ऑग्युस्त व्हर्नेय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने कृत्रिम माणिक बनवण्याची रीत १९०२ साली जाहीर केली. ॲल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी ज्योतीतून खाली पाडायची, ती वितळून खालच्या दांड्यावर थराथराने साचते. निळा रंग आणायला त्याला थोडी वाट पाहावी लागली. नीलमाचा निळेपणा लोह आणि टायटॅनियम दोन्ही एकत्र असल्याने येतो, हे कळल्यावर १९१०-११च्या सुमारास कृत्रिम नीलमही तयार झाला. म्हणजे तुमचं कंगण घडलं तेव्हा हा खडा बाजारात रुळलेला होता. त्या काळी भूमितीच्या आकारांची, सरळ रेघांची फॅशन आली. घाटाच्या मापाने कापलेले, एकमेकांना चिकटून बसणारे, सगळे एकाच छटेचे छोटे खडे हवेत. खाणीतल्या नीलमातून अशी ओळ जुळवणं फार कष्टाचं. कृत्रिम खडे हवे तेवढे, एकाच रंगाचे मिळत. म्हणून अस्सल हिरे आणि प्लॅटिनमच्या शेजारीही ते सर्रास दिसतात. घेणाऱ्याला तेव्हा ते सांगितलं होतं का, हे पावतीवर लिहिलं नसेल तर आज सांगता यायचं नाही.

स्वतः बघायचं असेल तर एक खडा प्रखर उजेडात, मागे पातळ पांढरा कागद धरून दहापट भिंगातून वेगवेगळ्या बाजूंनी फिरवून बघा. कृत्रिम नीलमात रंगाचे पट्टे वक्र असतात, ग्रामोफोनच्या तबकडीवरच्या रेषांसारखे. सोबत हवेचे गोल बुडबुडेही दिसू शकतात. खाणीतल्या खड्यात पट्टे सरळ असतात आणि कोन करून वळतात. निसर्गाला इथे वक्र रेघ येत नाही.

जुनं कंगण आणि अस्सल खडा हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एकाच्या उत्तरावरून दुसऱ्याचं काढू नका. उलटही होतं. खूप जुना नीलम काल घडवलेल्या अंगठीत सापडतो. तुम्ही ते निळे खडे काढून खाणीतले बसवायचा विचार करत असाल तर माझं मत स्पष्ट आहे : कंगण जसं आहे तसंच १९२८चं आहे. खडे बदलले की ते अर्धं आजचं होईल.

प्रश्न : आजीच्या लोलकातला निळा खडा पांढऱ्या कागदावर उपडा ठेवला तर कडेने लाल वर्तुळ दिसतं. चमत्कार आहे का?

उत्तर : चमत्कार नाही, जोडकाम आहे. खाली निळी काच आणि वर गार्नेट या लाल खड्याची पातळ चकती, दोन्ही वितळवून एकजीव केलेली. गार्नेट काचेपेक्षा कठीण, म्हणून वरून झिजत नाही, आणि निळ्यापुढे त्याचा लाल रंग वरून जाणवत नाही. उपडा ठेवला की तेवढा कडेला उघडा पडतो. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात असे खडे भरपूर निघाले. नीलम नाही, पण जुना बहुधा आहे, कारण स्वस्त कृत्रिम खडे आल्यावर एवढी खटपट करायचं कारणच उरलं नाही. आणि वर्तुळ दिसलं नाही म्हणजे खडा खरा, असं मात्र समजू नका. कृत्रिम नीलमातही वर्तुळ दिसत नाही.

प्रश्न : एक जुनी अंगठी घेतोय. विकणारे म्हणतात, "अस्सल काश्मिरी नीलम, जुना आहे म्हणजे भाजलेला नसणारच." कागदपत्रं नाहीत. विश्वास ठेवावा का?

उत्तर : कागद आल्यावर ठेवा.

काश्मीरच्या पाडर भागात, सुमजामजवळ, सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवर हे नीलम १८८१च्या सुमारास दरड कोसळल्यावर उघडे पडले. वर्षातले मोजके आठवडेच बर्फ हटायचं. महाराजांनी पहारा बसवला, जोरात खणलं, आणि १८८७ पर्यंत तो मुख्य साठा संपत आला. त्यानंतर अधूनमधून खणलं गेलं, पण पूर्वीसारखं हाती लागलं नाही. इतक्या थोड्या वर्षांतला माल, आणि जगात "काश्मिरी" म्हणून दाखवल्या जाणाऱ्या अंगठ्या मात्र संपत नाहीत! खऱ्या काश्मिरी नीलमाचा रंग मखमली असतो, कारण आतले अतिसूक्ष्म कण उजेड विखुरतात. पण श्रीलंकेचे आणि मादागास्करचे काही खडेही डोळ्यांना तसेच दिसतात, म्हणून नजरेवर उगमस्थान ठरवणाऱ्याला मी मान देते, पैसे देत नाही. जीआयए, एसएसईएफ, ग्युबेलिन यांसारख्या प्रयोगशाळांचा अहवाल मागा. त्यात दोन गोष्टी बघा : उगम कुठला लिहिलाय, आणि भाजल्याच्या खुणा आढळल्या की नाही.

"जुना म्हणजे भाजलेला नाही" हेही अर्धंच खरं. कडक भट्ट्या १९७०नंतरच्या, हे बरोबर. पण श्रीलंकेत फुंकणीने हलकी आच देऊन रंग सुधारायची रीत त्याच्या फार आधीची आहे. शिवाय कोंदण जुनं आणि खडा गेल्या वर्षीचा असंही असू शकतं. नख्या हल्लीच वाकवल्याच्या खुणा, खडा आणि कोंदणाच्या मधली फट, चौकोनी जागेत बसवलेला गोल खडा, यातलं काही दिसलं तर प्रश्न विचारा.

प्रश्न : जुना नीलम रोज घालता येईल का? साफ कसा करायचा?

उत्तर : खडा सोसेल, कोंदणाचं बघून घ्या. मागून उघडं असेल तर कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश. मागून बंद असेल, १८व्या किंवा १९व्या शतकाच्या सुरुवातीचं, तर पाण्याचा थेंबही नको. त्या खड्याखाली चकाकता पत्रा, म्हणजे फॉइल, ठेवलेला असतो. पाणी आत गेलं की तो काळवंडतो आणि खडा कायमचा मलूल दिसतो. कोरड्या मऊ कापडाने पुसा, बस्स. ध्वनिलहरींनी साफ करणाऱ्या अल्ट्रासॉनिक यंत्रात जुना दागिना घालायला सरसकट नाही म्हणा. आणि डबीत हिऱ्यांपासून वेगळा ठेवा, कारण वर सांगितलंय.

प्रश्न : नीलम आणि मोत्यांचा जुना ब्रोच आहे. मागची पिन इतकी लांब आहे की कडीच्या बाहेर येऊन टोचते, आणि कडी नुसता इंग्रजी सी, बंदच होत नाही. कापून नवी बंद होणारी कडी बसवू का?

उत्तर : ती लांब पिन आणि उघडी सी कडी हाच त्या ब्रोचचा वयाचा पुरावा आहे. १९व्या शतकात त्या अशाच असत. बाहेर आलेलं टोक कापडात परत खुपसायचं, मग ब्रोच सरकत नाही. आपोआप बंद होणाऱ्या कड्या रुळल्या त्या विसाव्या शतकात. पिन कापू नका, कडी बदलू नका. भीती वाटत असेल तर कडेला बारीक साखळी आणि तिच्या टोकाला छोटी पिन लावून घ्या, जुन्या ब्रोचना अशी साखळी पूर्वीही असायची. फक्त ती जोडताना आच मोत्यांजवळ जाणार नाही, हे कारागिराकडून आधी कबूल करून घ्या. नीलम एक वेळ वाचेल, मोती जळेल.